वृद्धाश्रम काढणे आहे

कळमेश्वरात माणूस निवृत्त झाला की पहिले सहा महिने घराला रंग देतो, पुढचे सहा महिने रंग देणाऱ्याला शिव्या देतो आणि वर्ष उलटलं की त्याला समाजसेवा सुचते. आमचे मेहुणे या शेवटच्या टप्प्यात आले तेव्हा घरात सगळ्यांनीच धसका घेतला. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांनी उभी हयात नट-बोल्ट मोजण्यात घालवलेली. माणसांशी त्यांचा संबंध आला तो 'इथे सही करा' एवढं सांगण्यापुरता. अशा माणसाने एका रविवारी तर्री-पोह्याची प्लेट हातात असताना जाहीर केलं, "भाऊजी, मी आता म्हातारे ठेवतो म्हणून राहिलो."

कारण सरळ होतं. घरात अकरा खोल्या. पोरगा हिंजवडीला, पोरगी बंगळुरूला, आणि राहणारे दोघं नवरा-बायको, तेही एकमेकांपासून शक्य तितक्या लांबच्या खोल्यांत. पेपरात त्यांनी पुण्याकडच्या 'असिस्टेड लिव्हिंग'ची जाहिरात पाहिली होती. महिन्याचा आकडा त्यांच्या शेवटच्या पगाराएवढा. म्हाताऱ्या माणसाला खोली द्यायची, जेवण द्यायचं, अंघोळीला, औषधाला, उठण्या-बसण्याला मदतीला माणूस द्यायचा. दवाखाना नाही आणि घरही नाही, त्या दोहोंच्या मधलं काहीतरी.

"पण पहिले लायसन काढू," मेहुणे म्हणाले. "बिना कागदाचा मी आजवर एक वॉशर सोडला नाही. म्हातारा कसा घेऊ?"

इथूनच गोष्ट बिघडली. कारण वृद्धाश्रम चालवणाऱ्या माणसाचा म्हणून जो कागद असायला हवा, तो महाराष्ट्रात कोणी देतच नाही. आणि आमचे मेहुणे कागद मिळाल्याशिवाय हलत नाहीत.

सुरुवात पानठेल्यापासून झाली. तिथे सगळ्या कायद्यांची मोफत सोय आहे. एक जण म्हणाला, नगर परिषदेत विचारा. दुसरा म्हणाला, हे बारच्या लायसनसारखं असते, वरूनच जमवावं लागते. तिसऱ्याने सुपारी कातरता कातरता विचारलं, "ट्रस्ट काढला का?" मेहुण्यांच्या फाईलला पहिला कप्पा पडला तो इथे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी. विश्वस्त कोण, मालमत्ता किती, उद्देश काय, सगळं विचारतात. विश्वस्ताला खाटेवरून घसरलेलं माणूस वर उचलता येतं का, एवढं सोडून.

मग कप्पे वाढत गेले. स्वयंपाकघर आलं की अन्नसुरक्षेची नोंदणी आली. आणि त्या खात्याचं 'फॉस्टॅक' नावाचं रीतसर प्रशिक्षणही आहे. म्हणजे या घरात प्रमाणपत्र मिळवणारा पहिला माणूस पोळ्या करणारा. अग्निसुरक्षेचा २००६चा कायदा आला. आग विझवायची यंत्रणा बसवली असेल तर ती ठणठणीत आहे असा 'बी' नमुन्यातला दाखला दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचा. भिंतीवरच्या लाल सिलिंडरची तब्येत वर्षातून दोनदा तपासून लेखी कळवायची. आतल्या माणसांच्या तब्येतीची तारीख मात्र मेहुण्यांना कुठेच सापडली नाही. जीएसटीचं काय, तर साठीच्या पुढच्या माणसाकडून महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत घेतले आणि संस्था आयकरात धर्मादाय म्हणून नोंदलेली असली, तर माफ. इन्सुलिन टोचणार असाल तर वापरलेल्या सुया कुठे टाकायच्या, त्याचे २०१६चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम वेगळे. सुईच्या अंत्यविधीची सोय इतकी चोख आहे की टोचून घेणाऱ्याला हेवा वाटावा.

नर्सिंग होमचा कप्पा मात्र अर्धवटच राहिला. तो कायदा १९४९चा. आजारी, जखमी किंवा अशक्त माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि त्यांची शुश्रूषा होत असेल, तर ती जागा नर्सिंग होम, तिची नोंदणी करा, असं तो सांगतो. मेहुणे एका कार्यालयात गेले. कोणत्या, ते जाऊ द्या. तिथला संवाद त्यांनी मला जसाच्या तसा ऐकवला.

"पेशंट ठेवणार का?"

"नाही जी, म्हातारे."

"मग आमच्याकडे नाही."

"पण ते मध्येच पेशंट झाले तर?"

"झाले की या."

मेहुण्यांनी यावर फाईलमध्ये शेरा मारला : 'प्रलंबित. म्हातारा आजारी पडल्यावर.'

खरं तर आपल्याकडे कायद्याचा दुष्काळ नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७चा आहे. साठी पूर्ण झालेला तो ज्येष्ठ नागरिक. पोरगा बघत नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. आई-बापाला वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच कायद्याच्या १९व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम राज्य सरकारला उभारता येईल, असं म्हटलंय. 'उभारता येईल' म्हणजे काय, हे लग्न ठरवताना 'आम्हाला हुंडा नको, पण हौसेने दिलं तर' ऐकलेल्या प्रत्येक माणसाला कळतं. मेहुण्यांनी अख्खा कायदा चष्मा पुसून पुसून वाचला आणि म्हणाले, "भाऊजी, टाकून देणाऱ्याले शिक्षा हाये. पण उचलून घेणाऱ्याले परीक्षा काऊन नाही?"

परीक्षा नाही तरी निदान नोंदणी व्हावी म्हणून २०१९ साली या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत आलं होतं. ज्येष्ठांची निवासस्थानं, घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्था, सगळ्यांची नोंद, किमान दर्जा, असं बरंच त्यात होतं. ते स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवालही आला. पुढे विधेयक तिथेच बसून राहिलं, बसल्या बसल्या त्याचं वय झालं आणि २०२४मध्ये सतराव्या लोकसभेबरोबर ते गेलं. मेहुण्यांनी त्याच्याही नावाचा कप्पा केला होता. तो त्यांनी रिकामाच ठेवलाय. काढवत नाही म्हणतात.

ही कामं आता आता निघाली असंही नाही. पुण्यातला 'निवारा' डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६०च्या दशकात उभा राहिला, म्हणजे या सगळ्या कायद्यांच्या पणजोबाच्या वेळी. १९६३ साली राज्य सरकारने वृद्धाश्रमांना अनुदानाची योजना काढली. प्रवेशाचं वय पुरुषाला साठ, बाईला पंचावन्न. १९९५ला 'मातोश्री' वृद्धाश्रम आले. शंभर माणसं, निम्मी फुकट, निम्म्यांनी महिना ५०० रुपये द्यायचे. राहायला येणाऱ्याची पात्रता आपण वेळोवेळी नीट ठरवली आहे. सांभाळणाऱ्याबद्दल आपला एकच निकष : माणूस 'सेवाभावी' पाहिजे. सेवाभाव मोजायचं मीटर कोणत्या दुकानात मिळतं, ते स्टोअरवाल्या मेहुण्यांनाही सांगता आलं नाही.

या निराशेच्या काळात ते संत्र्याच्या झाडांवर फवारायचं औषध घ्यायला कृषी केंद्रात गेले. कळमेश्वर-काटोल पट्ट्यात माणसाच्या आधी झाडाची तब्येत विचारतात, हे सगळ्यांना माहीत आहे. बुंध्यातून डिंक गळू लागला की घरात सुतक येतं. तर त्या दुकानात औषधांच्या बाटल्यांच्या वर, लक्ष्मीच्या फोटोशेजारी, फ्रेममध्ये एक प्रमाणपत्र लावलेलं. मेहुण्यांना असं काही दिसलं की ते वाचल्याशिवाय पुढे जात नाहीत. 'देसी'. निविष्ठा विक्रेत्यांसाठी कृषी विस्ताराची पदविका, हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेची. दुकानदाराने अभिमानाने सांगितलं, ४८ आठवड्यांचा कोर्स, आठवड्यातून एक दिवस. चाळीस दिवस वर्ग आणि आठ दिवस शेतावर. कीटकनाशक विकायचं तर शेतीची नाहीतर रसायनाची पदवी-पदविका असं काहीतरी लागतंच आता. "कोणालाही विकू देत नाही भाऊ. झाड मेलं तर?"

मेहुणे औषध न घेताच घरी आले. फाईल टेबलावर आपटून म्हणाले, "सोयाबीनच्या अळीला ४८ आठवडे! माह्या बापाला नुसता सेवाभाव!"

तेवढ्यात अमेरिकेतल्या भाचीचा व्हिडिओ कॉल आला. ती कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोकडे, सहा खाटांचं एक घर सांभाळते. तिकडे अशी घरं गल्लीबोळांत असतात. बाहेरून बंगला, आत सहा म्हातारे. मेहुण्यांनी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "तुझं लायसन दाखव."

तिने दाखवलं. मेहुण्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरून देवाच्या मूर्तीचं घ्यावं तसं दर्शन घेतलं. मग तिने सांगितलं ते असं : वय २१ पूर्ण पाहिजे, शाळा पास पाहिजे, त्यावर ऐंशी तासांचं प्रशिक्षण, मग सरकारी परीक्षा, त्यात सत्तर टक्के. दर दोन वर्षांनी पुन्हा चाळीस तास वर्गात बसायचं, नाहीतर कागद बाद. क्षयाची तपासणी. आणि पोलिसी खातरजमेसाठी दहाही बोटांचे ठसे.

"ठसे? तू काय केलं होतं?" ताई मध्येच ओरडली. ताई म्हणजे माझी बायको.

"काही केलं नाही हे बघायलाच घेतात गं मावशी."

"ऐंशी तास शिकवते काय पण?" मेहुण्यांचा खरा प्रश्न. भाची म्हणाली, औषधं कशी सांभाळायची, विसरभोळेपणा वाढलेल्या माणसाशी कसं बोलायचं, पडू नये म्हणून काय करायचं, आग लागली तर चाकाच्या खुर्चीवरच्यांना कोणत्या क्रमाने बाहेर काढायचं, आणि राहणाऱ्यांचे हक्क. उदाहरणार्थ, कोणाचंही पत्र उघडायचं नाही, दारावर टकटक केल्याशिवाय खोलीत जायचं नाही. या शेवटच्या कलमावर आमच्याकडे शांतता पसरली. कळमेश्वरात टकटक करून फक्त गॅस सिलिंडरवाला येतो. आणि तिकडे एवढं असूनही सगळं आलबेल आहे असं नाही, हेही तिनेच सांगितलं. फ्लोरिडात म्हणे २६ तासांत भागतं, म्हणजे राज्य बदललं की म्हातारपण सोपं होतं. पण मेहुण्यांनी पुढचं ऐकलंच नाही. ते 'सत्तर टक्के' मनातल्या मनात घोळवत होते. मॅट्रिकला त्यांना त्रेपन्न होते.

त्या रात्री त्यांना एक कागद सापडला आणि त्यांची कळी खुलली. महारेराचा. २०२४मध्ये महारेराने निवृत्तांसाठी म्हणून बांधल्या जाणाऱ्या गृहप्रकल्पांचे नियम काढले. दरवाजे किमान ९०० मिलिमीटर रुंद, म्हणजे चाकाची खुर्ची अडणार नाही. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे. बाथरूममध्ये न घसरणाऱ्या फरश्या, धरायला दांड्या. स्वयंपाकघरात गॅसगळती कळवणारं यंत्र. आणि संडासाचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं.

हे नियम बिल्डरसाठी आहेत, नव्या इमारतींसाठी आहेत, तुमच्या वडिलोपार्जित घराशी त्यांचा काही संबंध नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आकडे असलेला नियम मिळाला होता. पहाटेच टेप घेऊन ते घरभर फिरले. समोरचं दार ठीक. बाकीची सगळी अडीच फुटांच्या आत. देवघराचं दार तर एवढं अरुंद की आतला देव बाहेर येणं शक्य नाही. दुपारी सुतार आला आणि त्याने बाथरूमचं दार उलटं करून बाहेर उघडणारं केलं. वहिनींनी डोक्याला हात लावला. "हे कशाला?"

मेहुण्यांनाही कारण माहीत नव्हतं. नियमात होतं म्हणून केलं. कारण सांगितलं ते गावातल्याच एका मावशींनी.

या मावशी नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात आयाबाईचं काम करत आल्या आहेत. सकाळी डबा घेऊन कळमेश्वरहून निघायचं, रात्री परत. पोरांची लग्नं झाली, गुडघे गेले, डबा बदलला नाही. मेहुण्यांनी त्यांना 'मुलाखतीला' बोलावलं होतं. पाय धुवायला त्या बाथरूमकडे गेल्या, दार ओढून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे मात्र शानं काम केलं तुम्ही. म्हातारं माणूस आत पडते ते दाराले टेकूनच पडते. दार आत उघडणारं असन तर आपल्याले त्यायच्यावरूनच ढकलावं लागते."

मेहुण्यांनी वही काढली. स्टोअरची जुनी, लाल कापडी पाठीची.

"तुमचं शिक्षण?" त्यांनी विचारलं.

"चौथी."

"प्रशिक्षण? सर्टिफिकेट?"

"ते काय असते?"

असतं, खरं म्हणजे. दिल्लीची राष्ट्रीय समाज संरक्षण संस्था वृद्धांच्या शुश्रूषेचे अभ्यासक्रम चालवते. आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचेही आहेत. मेहुण्यांनी दोन्हींची माहिती छापून आणलेली होती. फक्त ते केल्याशिवाय कामाला हात लावू नका असं कोणी कोणाला सांगत नाही, त्यामुळे मावशींपर्यंत ती खबर पोचायचं काही कारणच नव्हतं.

"बरं, मंग करूनच दाखवतो," मावशी म्हणाल्या. "जावईबापू, तुम्ही निजा खाटेवर. तुम्ही म्हातारे."

मी निजलो. मेहुण्यांना उठवायला सांगितलं. त्यांनी गोदामातली पेटी ओढावी तसा माझा हात धरून खसकन ओढला. "थांबा, थांबा! खांदा निखळन त्यायचा!" मावशींनी त्यांना बाजूला केलं. आधी मला कुशीवर केलं, पाय खाटेखाली सोडायला लावले आणि हळूच बसतं केलं. मग काहीच केलं नाही. नुसतं थांबल्या. मेहुणे पेन धरून वाट पाहत होते. "आता असंच बसू द्याचं थोडा वेळ. एकदम उभं केलं की घेरी येते. आन् माणूस पडते ते त्याच टाइमाले." मग खुर्ची आणली ती माझ्या धडक्या बाजूला ठेवली. ("कोणती बाजू धडकी?" "दोन्ही." "असं नसते.") खुर्चीचे ब्रेक लावले आहेत ते हाताने हलवून पाहिलं. मेहुण्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा घेतला, माझ्या कमरेला गुंडाळला, दोन्ही हातांनी तो धरला, स्वतःचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आता उठाचं हाये. तीन म्हटलं की." एक, दोन, तीन. मी कधी खुर्चीत आलो ते मला कळलं नाही. माझं वजन ब्याऐंशी किलो आणि मावशी माझ्या खांद्याला लागतात.

मग बाकीचं आलं. खाटेला खिळलेल्याला दर दोन तासांनी कूस बदलायला लावायची. माकडहाड आणि टाचा रोज पाहायच्या, लाल दिसल्या की समजायचं. जेवण बसूनच द्यायचं आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. हे सगळं मेहुण्यांनी वहीत 'नग' आणि 'तपशील' अशा रकान्यांत उतरवलं. शेवटी मावशी म्हणाल्या, "सकाळी पहिले चादर पाहाची. वली असन तर काही विचाराचं नाही. चादर बदलाची, आन् बाहेर हवा कशी सुटली ते बोलाचं." मेहुण्यांचं पेन थांबलं. याला रकाना नव्हता.

आता परीक्षा घ्यायला सरकार तयार नाही म्हटल्यावर ती ज्येष्ठ नागरिक मंडळाने घ्यायची ठरवली. मंडळ संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात भरतं आणि विषय नसल्यामुळे त्याचं फार नडत होतं. निवृत्त हेडसर अध्यक्ष. शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, संत्र्याचे दोन बागायतदार आणि एक आजी, ज्यांच्यापुढे हेडसरही जपून बोलतात. मेहुणे फाईल, वही आणि इस्त्रीचा शर्ट घेऊन समोर बसले. मी सोबतीला. मावशींना त्यांनी आग्रहाने आणलं होतं, त्या खांबाला टेकून बसल्या.

"राहण्याची जागा माणशी किती?" हेडसर.

"केंद्राच्या नमुना नियमांत झोपण्याची जागा माणशी साडेसात चौरस मीटर हाये जी."

"त्यात माझी ट्रंक येईल?"

"...ट्रंकेचं लिहिलं नाही."

"वांग्याच्या भाजीत तर्री राहीन का?" बागायतदार.

"डॉक्टरच्या सल्ल्यानं."

"म्हणजे नाही. पुढे."

"मी रात्री चारदा उठतो," रेल्वेवाले काका म्हणाले. "इटारसीकडची मेल गेली की एकदा, आणि मग तीनदा. कोण उठेल माझ्यासोबत?"

मेहुण्यांनी फाईल चाळली. आग लागल्यास कोण उठेल, ते होतं.

"पोरगा दिवाळीला आला नाही तर मला काय सांगशील?" हा आजींचा प्रश्न. मेहुणे खांबाकडे पाहू लागले. मावशी म्हणाल्या, "हवा कशी सुटली ते सांगतीन ते." आजी हसल्या आणि त्यांनी हेडसरांना खूण केली, बहुधा अर्धा गुण.

हेडसरांनी बेरीज केली. एकूण पस्तीस टक्के. मेहुणे म्हणाले, कॅलिफोर्नियात सत्तर लागतात. हेडसर म्हणाले, हे कळमेश्वर आहे, पस्तीसला पास. तरी एक तोंडी राहिलं म्हणाले.

"तुझं वय काय आता?"

"एकसष्ट पूर्ण."

"आणि कायदा काय म्हणतो? तुझ्या त्या फाईलीत असेल."

मेहुण्यांनी कप्पा उघडला, दोन हजार सातचा. वाचलं. "साठ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती."

"मग तू तिकडे काय करतोस?" हेडसरांनी शेजारची खुर्ची थोपटली. "इकडे ये, आमच्या बाजूला."

मेहुणे उठले. फाईल कुठे ठेवावी कळेना, ती त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली आणि पलीकडे जाऊन बसले. सगळे आता माझ्याकडे बघत होते. मी अठ्ठावन्नचा.

"हं, सांग," हेडसर त्यांना म्हणाले. "सकाळचा चहा किती वाजता पाहिजे?"

मेहुण्यांना पहिल्यांदाच एका प्रश्नाचं उत्तर पाठ होतं. "साडेचार. पण आलं नको. पित्त होते."

आजी माझ्याकडे वळल्या. "लिहून घ्या जी, जावईबापू. साडेचार, बिना आल्याचा."